माणसाचा स्वभाव ओळखताना : प्रस्तावना

राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त एक कथा येते. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रागावून घराबाहेर पडतो. त्याला प्रेमाच्या धाग्याने बांधून ठेवावे म्हणून गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि त्याच्यामागे पाठवते. दोघे देशोदेशी हिंडतात. प्रत्येक प्रदेशात साहित्यविद्येचा वेष वेगळा, हावभाव वेगळे, बोलण्याची ढब वेगळी. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्यांचा विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९मध्ये इथेच सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या शाखेचा इतिहास उजेडात आला.

या कथेत राजशेखराने तीन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. वेषाची तऱ्हा ती प्रवृत्ती, हावभावांची तऱ्हा ती वृत्ती आणि बोलण्याची तऱ्हा ती रीती. त्याला काव्याच्या शैली समजावून सांगायच्या होत्या, पण अनोळखी माणूस समोर आला की आपणही याच तीन ठिकाणी पाहतो. त्याने घातले काय, तो बसतो-उठतो कसा, बोलतो कसा. तेवढ्यावरून मनात एक शिक्का उमटतो : माणूस सज्जन दिसतो, हा आतल्या गाठीचा आहे, हिच्याशी जपून बोलावे. शिक्षक शाळेच्या पहिल्या आठवड्यात अख्ख्या वर्गाची मनात वाटणी करून टाकतो. पीककर्जाचा अर्ज हातात घेतलेला बँकेचा अधिकारी आधी अर्जदाराच्या चेहऱ्याकडे पाहतो. सून आणणारी, जावई शोधणारी, मजूर ठेवणारी, मतदान करणारी, सगळी माणसे हेच करत असतात.

हे अंदाज किती वेळा बरोबर येतात, कशामुळे चुकतात आणि सरावाने ते सुधारता येतात का, या तीन प्रश्नांचा अभ्यास म्हणजे या पुस्तकाचा विषय. मानसशास्त्रात त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. आपल्या मातीत त्याची मुळे त्याहून पुष्कळ जुनी आहेत. या अभ्यासात येणाऱ्याला कुठल्याही पदवीची अट नाही. ज्याला माणसांविषयी कुतूहल आहे आणि आपले मत बदलण्याची तयारी आहे, त्याचे इथे स्वागत आहे.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस सर्व संस्कृतींना होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाच्या घडणीवरून माणसांचे १६ प्रकार सांगितले आहेत : सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. त्यांची नावेही चित्रमय आहेत. ब्राह्म, आर्ष, ऐंद्र इथपासून सुरुवात होते आणि सार्प, शाकुन, मात्स्य करत शेवट वानस्पत्यावर होतो. समर्थांनी दासबोधाचा दुसरा दशक जवळजवळ सगळा लक्षणांनाच दिला. त्यात मूर्ख आहे, पढतमूर्ख आहे, तीन गुणांची माणसे आहेत. ग्रीक वैद्यांनी शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव मांडले. कार्ल युंगने १९२१मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी जगाला दिली. तिच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जी चाचणी बेतली, तिच्यातही प्रकार १६च निघतात. आज मोठमोठ्या कंपन्यांत ती वापरली जाते.

या सगळ्या याद्यांपेक्षा मला जी मांडणी अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाची वाटते ती आपल्याच वाशीम जिल्ह्याच्या ओळखीची आहे. कारंजा हे जैन विद्येचे जुने पीठ. बलात्कारगण आणि सेनगण या भट्टारक परंपरांच्या गाद्या इथे होत्या, आणि इथल्या मंदिरांनी शेकडो वर्षे हस्तलिखिते सांभाळली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या भांडारांतले अपभ्रंश ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेत भरले. पुढे प्रा. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी त्यांतले काही संपादित केले, ते कारंजाच्या नावाच्या ग्रंथमालेतून बाहेर आले. या परंपरेत लेश्यांचा विचार आहे. लेश्या म्हणजे मनाच्या परिणामांची छटा. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्या. त्या समजावताना नेमिचंद्रांच्या ‘गोम्मटसारा’त एक दृष्टांत दिला आहे. तो जैन घरांतल्या मुलांना अजूनही सांगितला जातो.

सहा वाटसरू रानात वाट चुकतात. त्यांना भूक लागली आहे. समोर फळांनी लगडलेले झाड दिसते. पहिल्याच्या मनात येते, झाड मुळासकट तोडावे. दुसऱ्याला वाटते, खोड तोडले तरी पुरे. तिसरा मोठ्या फांद्यांवर येतो, चौथा डहाळ्यांवर. पाचवा म्हणतो, झाडावरची फळे तेवढी तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत तीच उचलू.

पुष्कळ लोक हा दृष्टांत नीतिबोध म्हणून ऐकतात आणि सोडून देतात. त्यातली शिस्त पाहावी. सहाही जणांची भूक एकच, झाड एकच, वेळ एकच. कुणाला घाई जास्त नाही, कुणावर कर्ज नाही, कुणाचे पोर घरी वाट पाहत नाही. परिस्थिती सर्वांना सारखी करून ठेवली आहे, म्हणून जो फरक उरला तो माणसांमधला म्हणता येतो. शिवाय फरक मोजायचा तो एकाच कसोटीवर : आपली गरज भागवताना दुसऱ्याचे किती नुकसान चालवून घेतो. प्रयोगशाळेत बसून आखलेल्या प्रयोगाचीही याहून वेगळी अपेक्षा नसते. आणखी एक महत्त्वाची बाब म्हणजे लेश्या जन्माला चिकटलेली नसते. कषाय, म्हणजे मनातले विकार, तीव्र झाले की ती काळवंडते, मंद झाले की उजळते. एकच माणूस सकाळी एका छटेत आणि संध्याकाळी दुसऱ्या छटेत असू शकतो. प्रकार सांगायचा, पण माणसाला त्यात कोंडायचे नाही, ही सावधगिरी त्या आचार्यांनी घेतली होती. विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राला तिथवर यायला वेळ लागला.

आता रानातून बाजारात येऊ. दिवाळीच्या तोंडावर वाशीम, रिसोड किंवा कारंजाच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढेर पडलेले असतात. व्यापाऱ्यांचा घोळका ढेरापाशी येतो. मूठभर दाणे हातात घेऊन कुणी दाताखाली धरतो, कुणी ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. बोली होते, आणि अपेक्षेपेक्षा बराच कमी भाव पुकारला जातो. पहिला शेतकरी आवाज चढवतो. दुसरा काही न बोलता माल परत भरायला घेतो. तिसरा खाली मान घालून ‘होऊ द्या’ म्हणतो. चौथा अडत्याला बाजूला घेऊन हळू आवाजात दहा मिनिटे बोलतो. पाहणारा लगेच नावे देऊन मोकळा होतो : पहिला तापट, दुसरा मानी, तिसरा भिडस्त, चौथा धोरणी.

आता थोडी चौकशी करा. पहिल्याकडे स्वतःची गाडी आहे, इथे नाही पटले तर तो दुसऱ्या बाजारात जाऊ शकतो. दुसऱ्याच्या घरी माल ठेवायला कोरडी जागा आहे, किंवा शेतमाल तारण योजनेत तो माल गोदामात टाकून कर्ज उचलू शकतो. तिसऱ्याने जूनमध्ये बियाण्या-खतासाठी याच अडत्याकडून उचल घेतली आहे. चौथ्याचा त्या अडत्याशी वडिलांच्या काळापासूनचा व्यवहार आहे. ज्याला आपण स्वभाव म्हणत होतो त्याचा मोठा भाग म्हणजे हातात असलेले पर्याय निघाले. रानातल्या झाडाखाली परिस्थिती खरोखर सारखी होती, बाजारात ती फक्त सारखी दिसते.

मग स्वभाव असे काही नसतेच का? असते, पण ते दिसण्यासाठी योग्य जोडी शोधावी लागते. तेवढीच उचल घेतलेले, तेवढीच जमीन असलेले, घरी तेवढीच तोंडे असलेले दोन शेतकरी त्याच भावाला सामोरे जातात, आणि एक गप्प बसतो, दुसरा भांडतो. तिथे स्वभावाची हद्द सुरू होते. आणि तीही एका बाजारात पाहून कळत नाही. तोच माणूस ग्रामसभेत, सोयऱ्याच्या घरी, पोराच्या शाळेत, आजारी आईच्या उशाशी कसा वागतो हे पाहिल्यावर कळते.

मला या पुस्तकातून एकच गोष्ट वाचकाच्या मनात रुजवायची आहे. दुसऱ्याचा स्वभाव अचूक ओळखणे हे प्रकारांची यादी पाठ असण्यावर फार थोडे अवलंबून आहे. तुम्ही त्या माणसाला किती वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिले आणि त्या परिस्थितींचा वाटा प्रामाणिकपणे वजा केला का, यावर ते अवलंबून आहे. चरकाचे १६ प्रकार घ्या, युंगची जोडी घ्या, सहा लेश्या घ्या. पाहणी कच्ची असेल तर कुठलीही यादी चुकीचेच उत्तर देईल.

परिस्थितीचा वाटा वजा करणे आपल्या मनाला जड जाते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७मध्ये काही लोकांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. काही वाचकांना स्पष्ट सांगितले होते, की निबंध लिहिणाऱ्याने बाजू स्वतः निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिली होती. तरीही वाचकांनी निबंधावरून लेखकाच्या मनातल्या मताचा अंदाज बांधला. नेमून दिलेले काम करणाऱ्याला आपण ते काम म्हणजेच तो माणूस समजतो. खिडकीमागचा कारकून नियम वाचून दाखवतो आणि आपण त्यालाच निर्दय ठरवतो.

इथे आपल्याला थोडी अनुकूल बाबही आहे. जोन मिलर यांनी १९८४मध्ये अमेरिकेतल्या आणि आपल्या म्हैसूरमधल्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या चांगल्या-वाईट वागण्याची कारणे विचारली. अमेरिकन प्रौढांनी प्रामुख्याने स्वभावाकडे बोट दाखवले. म्हैसूरच्या प्रौढांनी नाती, जबाबदाऱ्या, प्रसंग यांचा उल्लेख अधिक केला. लहान मुलांच्या उत्तरांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, वय वाढत गेले तसा तो वाढत गेला. म्हणजे माणूस कसा वाचायचा हे आपण आपल्या समाजाकडून शिकतो. जे शिकता येते ते अधिक चांगलेही शिकता येते. आपल्याकडे ‘त्याच्यावर वेळच तशी आली’ हे वाक्य सहज तोंडी येते. ती सवय जपावी, अभ्यासकाला तिची फार गरज आहे.

आधुनिक संशोधनाचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांत तो सविस्तर येणार आहे. १९३६मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द वेचले. त्यांतल्या सारख्या अर्थाचे शब्द एकत्र आणत, त्यांवरून माणसांना गुण द्यायला लावत, पुढच्या पन्नास वर्षांत अभ्यासक पाच मोठ्या गुणांवर आले : बहिर्मुखता, सौहार्द, कामातली शिस्त, मनाची अस्थिरता आणि नव्याविषयीची ओढ. या पाचांत ‘प्रकार’ नाहीत, पट्ट्या आहेत. बहुतेक माणसे पट्टीच्या मध्याच्या आसपास असतात. ब्रिग्ज-मायर्स चाचणीचा मोठा दोष इथेच आहे. ती मध्यावर रेघ मारून अलीकडच्याला एक नाव देते आणि पलीकडच्याला दुसरे. रेघेच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ उभी असलेली दोन माणसे वास्तवात सारखीच असतात, पण चाचणी त्यांना वेगळ्या जातीची ठरवते. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो. तिच्या निकालावर कुणाची नोकरी किंवा बढती ठरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६८मध्ये वॉल्टर मिशेल यांनी सगळ्या क्षेत्रालाच हादरा दिला. स्वभावगुणाच्या मोजमापावरून एखाद्या प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज फार कमी साधतो, सहसंबंध ०.३०च्या आसपासच अडकतो, असे त्यांनी दाखवले. त्याच्या चाळीस वर्षे आधी हार्टशॉर्न आणि मे यांनी शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या अभ्यासात हेच पाहिले होते : परीक्षेत लबाडी करणारे मूल खेळात करेलच असे नाही. या वादातून एक उपयोगी तोडगा निघाला. सेमूर एपस्टाइन यांनी १९७९मध्ये दाखवले, की एकेका प्रसंगाऐवजी अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी घेतली तर माणूस बराच स्थिर दिसतो. एका दिवसावरून माणूस ठरवू नये, हे आपले वडीलधारे सांगत आले. इथे ते आकड्यांनी सिद्ध झाले.

अचूकपणे ओळखणे घडते कसे, याचा आराखडा डेव्हिड फंडर यांनी १९९५मध्ये मांडला. त्याचे चार टप्पे आहेत. त्या माणसाने आपल्या स्वभावाशी संबंध असलेले काही तरी केले पाहिजे. ते आपल्यासमोर घडले पाहिजे. आपल्या लक्षात आले पाहिजे. आणि त्याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. यांतला एक टप्पा जरी निसटला तरी अंदाज फसतो. बहिर्मुखता चटकन दिसते, म्हणून तिच्याविषयी परक्यांचेसुद्धा बरेचसे एकमत होते. मनातली धास्ती दिसत नाही, ती ज्याची त्यालाच ठाऊक असते. उलट बुद्धी, चातुर्य अशा ज्या गुणांत आपला अभिमान गुंतलेला असतो, त्यांविषयी जवळचे मित्र आपल्यापेक्षा नेमके सांगतात, असे सिमीन वझीरे यांच्या २०१०च्या संशोधनात आढळले. माणसाचे पूर्ण चित्र त्याच्या एकट्याकडेही नसते आणि शेजाऱ्याकडेही नसते.

लग्न जमवण्याची आपली पद्धत या चष्म्यातून पाहण्याजोगी आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी पोह्यांची बशी घेऊन येते, मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून बसतो, दोघेही हळू बोलतात, विचारले तेवढेच सांगतात. तिथे शंभर मुली आणि शंभर मुले जवळजवळ सारखीच वागतील, कारण प्रसंगाने वागणे आधीच ठरवून दिलेले आहे. फंडरच्या भाषेत पहिलाच टप्पा घडत नाही. तरीही ‘मुलगी शांत आहे’ असा निर्णय घरी परतताना गाडीतच होतो. त्याच लग्नाच्या आधी जी गावात चौकशी होते, ती मात्र वेगळ्या मोलाची असते. मामाच्या ओळखीतला मास्तर, शेजारची बाई, कृषी केंद्राचा दुकानदार, मुलगा जिथे कामाला आहे तिथला सहकारी. या सगळ्यांनी त्याला वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या अडचणींत पाहिलेले असते. चौकशी पैसा आणि व्यसन एवढ्यावरच थांबते ही तिची उणीव. ‘मनासारखे झाले नाही की तो काय करतो?’ हा प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारावा. कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा त्याचे उत्तर जास्त सांगते.

पत्रिकेतल्या गणांविषयीही इथे बोलले पाहिजे. देव, मनुष्य आणि राक्षस हे तीन गण जन्मनक्षत्रावरून ठरतात, २७ नक्षत्रे नऊ-नऊ अशी वाटलेली आहेत, आणि ३६ गुणांपैकी सहा गुण गणांच्या जुळणीला आहेत. ही माणसांच्या प्रकारांची यादीच आहे, पण त्यात माणसाकडे पाहण्याचा टप्पाच नाही. नक्षत्र पाहिले की काम झाले. तरी पत्रिकेतले वर्णन लोकांना पटते, ते का? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४९मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेला होता. वर्णन पटणे हा ते खरे असल्याचा पुरावा नाही. केवळ गणांवरून एखाद्या मुलीचे लग्न मोडणे हा तिच्यावर अन्याय आहे.

यापेक्षा मोठा अन्याय तेव्हा होतो, जेव्हा प्रकार व्यक्तीचा न राहता समूहाचा होतो. वाशीमलाही याची झळ लागली आहे : वात्स्यायनाच्या कामसूत्रात प्रदेशाप्रदेशांच्या लोकांवर शेरे आहेत, त्यांत वत्सगुल्माच्या सत्ताधाऱ्यांच्या अंतःपुरांविषयीही एक आहे. एका ओळीत अख्खे नगर निकालात निघाले. पण ती पुस्तकातली ओळ होती. १८७१मध्ये इंग्रज सरकारने तसाच विचार कायद्यात आणला. गुन्हेगार जमातींच्या या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय हलण्याची मनाई अशी बंधने घातली. १९११मध्ये तो देशभर लागू करण्यात आला. तो रद्द व्हायला १९५२ उजाडले. त्या शिक्क्यातून सुटलेल्या जमातींना आपण विमुक्त म्हणतो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाजाचे नाव आहे.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत देशभरातून बंजारा भाविक येतात. संत सेवालाल महाराजांची ही समाधीभूमी. तिथे जमलेल्या माणसांच्या पूर्वजांनी शतकानुशतके बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर पोचवले. सैन्ये त्यांच्यावर जगली, दुष्काळात गावे त्यांच्या गोण्यांची वाट पाहत. मग रस्ते झाले, आगगाडी आली, आणि त्यांचा धंदा बसला. धंदा गेला तरी भटकणे लगेच थांबत नाही. ज्या फिरण्याला कालपर्यंत व्यापार म्हणत होते, त्याच फिरण्याकडे आता सरकार संशयाने पाहू लागले. बाजार समितीतल्या तिसऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत आपण जी चूक केली तीच ही चूक : परिस्थितीला स्वभाव समजणे. फक्त इथे ती चूक करणाऱ्याच्या हातात पोलीस होते. पुढे याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे गहुली गाव पोहरादेवीपासून फार दूर नाही. तरी ‘त्या जातीचे लोक असेच’ हे वाक्य आजही चहाच्या टपरीवर, शिक्षकांच्या खोलीत, पोलीस चौकीत ऐकू येते. या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याने ते वाक्य स्वतःच्या तोंडून आधी हद्दपार करावे. ज्याला ते जमणार नाही त्याने माणसांचे प्रकार पाडू नयेत.

चांगल्या पाहणीचा नमुना हवा असेल तर तोही वऱ्हाडातच आहे. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनी ऋद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते १२७८च्या सुमारास. म्हाइंभट हे विद्वान गृहस्थ, पण त्यांनी स्वतःच्या विद्वत्तेवर विसंबून चरित्र लिहिले नाही. नागदेवाचार्य म्हणजेच भटोबास यांच्या आठवणी त्यांनी घेतल्याच, शिवाय ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन ते विचारत राहिले, पडताळत राहिले. पुढच्या लेखकांनीही जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे पाठभेद नोंदवून ठेवले. स्वामी थोर होते, असे सांगून ग्रंथ थांबत नाही. कुणी काय विचारले, स्वामी काय म्हणाले, तेव्हा कोण कुठे बसले होते, कुणाला राग आला, कुणाला रडू कोसळले, अशा छोट्या-छोट्या प्रसंगांतून ती माणसे उभी राहतात. बाइसा, महदाइसा, भटोबास यांचे स्वभाव आपल्याला आज कळतात ते कुणी त्यांना विशेषणे लावली म्हणून नव्हे. अनेक साक्षीदार, अनेक प्रसंग आणि न जुळणारे पुरावे पुसून न टाकण्याची निष्ठा यांमुळे ते शक्य झाले.

आपल्या भागात करण्याजोगे काम खूप आहे. व्ही. व्ही. कामत यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली. १९६२मध्ये पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, आणि प्रज्ञावंत मुले ओळखण्याच्या मराठीतल्या कामाला घर मिळाले. पण शहरातल्या विद्यापीठांत तयार झालेली मापे खेड्यात जशीच्या तशी चालतील असे गृहीत धरता येत नाही. बोलिव्हियाच्या जंगलात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांमध्ये मायकेल गुर्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गुणांची प्रश्नावली वापरून पाहिली. २०१३मध्ये त्यांनी कळवले, की ते पाच गुण तिथे नीट वेगळे होत नाहीत. जे उठून दिसले ते दोनच होते : दुसऱ्यांशी चांगले वागणे आणि उद्योगीपणा. मग मालेगाव किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या गावात काय दिसेल? तिथले लोक एकमेकांचे वर्णन कुठल्या शब्दांत करतात? भिडस्त, हेकट, सोशिक, चेंगट, बोलघेवडा, तुसडा, हिशेबी, मायाळू या शब्दांचे गट पाडले तर किती गट पडतील? बंजारा बोलीतले शब्द घेतले तर चित्र बदलेल का? हे काम वाशीमच्या महाविद्यालयातला विद्यार्थी वही आणि पेन घेऊन सुरू करू शकतो. त्याच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, गाव लागते.

पुढची प्रकरणे कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. फक्त पहिल्या प्रकरणाआधी प्रत्येक वाचकाने एक काम करावे, ही माझी विनंती आहे. ज्याला तुम्ही दहा-पंधरा वर्षे ओळखता असा एक माणूस निवडा. वहीच्या डाव्या पानावर त्याचा स्वभाव चार ओळींत लिहा. उजव्या पानावर तो या चार ओळींच्या अगदी उलट वागला होता असे तीन प्रसंग आठवून लिहा, आणि प्रत्येक प्रसंगापुढे तेव्हा त्याच्यावर काय वेळ आली होती ते नोंदवा. तीन प्रसंग आठवत नसतील तर त्या माणसाला ओळखणाऱ्या दुसऱ्या दोघांना विचारा, आणि मग डावे पान पुन्हा लिहून काढा.